चौकात कोण बोललं?

(बदलापूर गावात श्रीरामनवमीच्या उत्सवात झालेल्या कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणावरून)

सीताकांतस्मरण जय जय राम! पार्वतीपते हर हर महादेव!

श्रोतेहो, आधी क्षमा मागतो. कीर्तन अर्धा तास उशिरा उभं राहिलं. आमचे तबलजी दादरहून निघाले आणि कल्याणला लोकल अडकली. पुढे विठ्ठलवाडी आली, पण गाडी काही पुढे सरकेना. मी फोनवर त्यांना म्हटलं, विठ्ठलाच्याच वाडीत थांबला आहात, घाबरू नका. उल्हासनगर झालं, अंबरनाथ झालं, शेवटी पोचले. तोवर आपण सगळे शांत बसून राहिलात, यातच माझं निम्मं कीर्तन झालं.

काल रामजन्म झाला. पाळणा हलला, सुंठवडा वाटला. आज जन्माचं नाही, त्याच्या पुष्कळ पुढचं सांगायचं आहे. राज्याभिषेक झालेला, रावण मेलेला, सगळं गोड झालेलं, आणि मग जे झालं ते. तुम्ही म्हणाल, बुवा, उत्सवात हे कडू कशाला? कारण सांगतो. हा प्रसंग मी चाळीस वर्षं सांगतोय, आणि त्यातली निदान तीस-बत्तीस वर्षं चुकीचा सांगितला. आज तुमच्यासमोर कबुली आहे.

(नामगजर : रघुपति राघव)

तर काय सांगत होतो मी? सगळ्यांना ठाऊक आहे ते. अयोध्येतला एक धोबी. त्याची बायको रात्रभर घराबाहेर राहिली. तो म्हणाला, मी काही राम नव्हे, दुसऱ्याच्या घरी राहिलेली बायको घरात घ्यायला. रामाच्या कानावर ते गेलं आणि सीता वनात गेली. या धोब्याची मी नक्कल करायचो. नाकात बोलायचो, उपरणं दगडावर आपटल्यासारखं करायचो. हशा असा पिकायचा की पेटीवाल्याचा सूर बुडायचा. लोक दक्षिणा देताना म्हणायचे, बुवा, तो तुमचा धोबी काय झक्क झाला!

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. याच गावात, याच मांडवात. सकाळी आलो तर धोतर-उपरण्याची प्रवासात पार चोळामोळा झाली होती. उत्सवातल्या एका पोराने ते बोळातल्या इस्त्रीच्या दुकानात नेलं. दुकान म्हणजे एक टेबल, वर पत्रा आणि कोळशाची इस्त्री. ऐंशीच्या घरातले बाबा ते चालवायचे. त्यांनी धोतराला अशी घडी घातली की नेसताना ती मोडावीशी वाटेना. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, कीर्तनाचं वस्त्र आहे, माझी तेवढीच सेवा.

रात्री तेच धोतर नेसून मी उभा राहिलो आणि तोच धोबी रंगवला. हशा पिकला. कीर्तन संपलं, आरती झाली, बुक्का लावून घ्यायला रांग लागली. रांगेच्या शेवटी ते बाबा. बुक्का लावून घेतला, वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाले, "बुवा, एक विचारू का? सगळ्या अयोध्येत वाईट बोलणारा आमचाच एक होता का हो?"

मला उत्तर देता आलं नाही. अंगावरचं उपरणं एकदम जड वाटायला लागलं. आणि मग आठवलं, ज्यांच्या पायाची धूळ व्हायची आमची लायकी नाही, ते गाडगेबाबा कोणाच्या घरी जन्मले? परिटाच्या. हातात खराटा घेऊन दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाने गावाचं मन झाडायचे. आणि मी, त्यांच्याच धंद्यातला कीर्तनकार, त्यांच्या जातीची नक्कल करून टाळ्या घेत होतो.

घरी गेलो आणि वाल्मीकी उघडले. खरं सांगतो, उत्तरकांड मी लहानपणी गुरुजींकडे वाचलं होतं, पण नंतर पोथीपेक्षा ऐकीव कथाच तोंडात बसली होती. वाल्मीकींकडे धोबी नाही. श्रोतेहो, पुन्हा सांगतो, तिथे धोबी नाही! तो नंतरच्या रामकथांत आला. भवभूतीच्या नाटकात बातमी आणणारा दुर्मुख आहे. वाल्मीकींच्या रामायणात काय आहे ते ऐका.

प्रभू रामचंद्र दरबाराचं काम आटोपून बसले आहेत. भोवती गमतीजमतीच्या गोष्टी सांगून मन रमवणारे सोबती आहेत. त्यांतल्या भद्राला प्रभू विचारतात, "नगरात आमच्याबद्दल काय बोलतात?" भद्र आधी चांगलं सांगतो. कोणीही तेच करील. प्रभू म्हणतात, "तसं नको. चांगलं-वाईट सगळं सांग." मग भद्र हात जोडून सांगतो. लोक म्हणतात, रामाने समुद्रावर सेतू बांधला, रावणाला मारलं, हे अद्भुत केलं. पण रावणाने उचलून नेलेली, त्याच्या लंकेत राहिलेली सीता याने घरात कशी घेतली? आता आमच्या बायकांचंही आम्हाला असंच सोसावं लागणार. राजा करील तसंच प्रजेने करायचं.

आणि हे बोलणारे कोण? भद्र नाव घेत नाही. तो जागा सांगतो. चौकात बोलतात, बाजारात बोलतात, रस्त्यात बोलतात, वनात-उपवनात बोलतात. प्रभू बाकीच्या सोबत्यांकडे वळून विचारतात, हे खरं का? सगळे जमिनीवर डोकं टेकवून म्हणतात, खरं आहे.

म्हणजे कोण बोललं? सगळी अयोध्या बोलली! ज्या अयोध्येने चौदा वर्षं वाट पाहिली, दिवे लावले, गुढ्या उभारल्या, ती बोलली. आणि पुढे आपण, कथा सांगणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी, काय केलं? सगळ्या गावाचं ते पाप गोळा केलं आणि नदीच्या काठी एकटा उभा असलेल्या, दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्या माणसाच्या डोक्यावर ठेवलं. आपण हसलो आणि मोकळे झालो.

रामाचं काय? वाल्मीकी तेही लपवत नाहीत. प्रभू भावांना बोलावतात आणि म्हणतात, माझा अंतरात्मा जाणतो, सीता शुद्ध आहे. जाणतात, आणि तरी लक्ष्मणाला रथ जोडायला सांगतात. सीतामाई गर्भवती आहे. तिला वाटतंय, मुनींचे आश्रम बघायची इच्छा आपण बोलून दाखवली होती, तीच पुरी होतेय. म्हणून ती आनंदाने रथात बसते. गंगा ओलांडल्यावर लक्ष्मण रडत रडत सांगतो, तेव्हा तिला कळतं. इथे मोठमोठ्या पंडितांचे वाद आहेत, रामाने हे का केलं म्हणून. राजधर्म म्हणणारे आहेत, लीला म्हणणारे आहेत. मी लहान माणूस, त्या वादात पडत नाही. मला आज रामाचं नाही, चौकाचं बोलायचं आहे.

(नामगजर)

आपला हा भाग बघा. कल्याणच्या या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून माणसं आली आणि पुढे 1949 साली तिचं उल्हासनगर झालं. त्या काळात सगळ्या देशात, पंजाबात तर फार, बायका पळवल्या गेल्या. त्या परत आल्या तेव्हा कित्येक घरांनी दार लावून घेतलं. गांधीजींना आणि पंडित नेहरूंना सांगावं लागलं की या मुली निर्दोष आहेत, यांना घरात घ्या. ज्यांच्या घरात रोज रामायण वाचलं जायचं, त्यांना हे सांगावं लागलं! चौक तोच होता. फक्त अयोध्या नव्हती.

आता उत्तररंगाकडे येतो. रामायण दूरचं वाटतं, त्रेतायुगाचं. तर अगदी घरचं आख्यान घेऊ, पुण्याचं. बाजीरावसाहेब पेशव्यांचं.

बाजीरावांचं आख्यान मी तरुणपणी पुष्कळ केलं. पालखेडच्या लढाईवर टाळ्या हमखास. पण मस्तानीचं नाव आलं की आमचे गुरुजी म्हणायचे, ते सोडून द्यायचं, देवळात नको. मीही सोडून देत होतो. पुढे 2015 साली सिनेमा आला आणि मग गंमत झाली. निम्मे लोक चिठ्ठी पाठवायचे, बुवा, मस्तानी सांगा. उरलेले निम्मे पाठवायचे, मस्तानी नको, पालखेडच सांगा. लोकलमध्ये तर अंबरनाथ ते ठाणे नुसती हीच चर्चा. ती कोण होती, कशी होती, काशीबाईंनी काय करायला हवं होतं. जणू समोरच्या बिल्डिंगमधलं भांडण!

तर ऐका. 1729 साल. बुंदेलखंडचे राजे छत्रसाल, वय ऐंशीच्या आसपास, जैतपूरला महंमदखान बंगशाच्या कचाट्यात सापडले होते. बाजीराव धावून गेले, बंगशाला कोंडलं, म्हाताऱ्या राजाची अब्रू राखली. छत्रसालांनी त्यांना मुलासारखं मानलं, राज्याचा तिसरा वाटा दिला. त्या बुंदेलखंडातून मस्तानी आली. कोणी म्हणतं छत्रसालांचीच कन्या, कोणी म्हणतं त्यांच्या दरबारची नर्तकी, कोणी तिला निजामाकडची म्हणतं. जुने कागद निरनिराळं बोलतात. तीनशे वर्षं अभ्यासकांचं एकमत झालं नाही. पण पुण्याच्या चौकाला मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक होतं!

ती गात होती, घोड्यावर बसत होती. जिथून ती आली तिथल्या राजाचे गुरू प्राणनाथ. त्यांचा प्रणामी पंथ कृष्णाची भक्ती करतो आणि कुराणातल्या वचनांचाही आदर करतो. असल्या हवेत वाढलेली बाई पुण्यात आली. इकडे शनिवारवाडा नवा नवा उभा राहिला होता, 1732 च्या जानेवारीत वास्तुशांत झालेला. आजही त्या वाड्याच्या एका दरवाज्याला मस्तानी दरवाजा म्हणतात. 1734 साली तिला मुलगा झाला, समशेर. बाजीरावांच्या मनात त्याची मुंज करायची होती, त्याला कृष्णराव म्हणायचं होतं, असं सांगतात. पुण्याच्या ब्रह्मवृंदाने मान्य केलं नाही.

मग पेशवे दारू पितात, ते हिच्यामुळे. मांस खातात, ते हिच्यामुळे. चाळीसएक लढाया मारणारा माणूस, घोड्याच्या पाठीवर आयुष्य गेलेलं, त्याने एक घोट घेतला तरी दोष कोणाचा? बाईचा. हा हिशोब मला अजून कळलेला नाही.

1740 उजाडलं. बाजीराव निजामाच्या मुलावर, नासिरजंगावर चालून गोदावरीकडे गेले. इकडे वाड्यात मंगलकार्यं निघाली, राघोबादादांची मुंज, सदाशिवरावांचं लग्न. घर पै-पाहुण्यांनी भरलेलं आणि त्याच घरात मस्तानी कैदेत. कोणी ठेवली? कोणी दुष्टाने नव्हे हो. चिमाजीअप्पांनी आणि नानासाहेबांनी. नानासाहेब तेव्हा एकोणीस वर्षांचे. आणि चिमाजीअप्पा म्हणजे कोण? आपल्या या खाडीपलीकडच्या वसईचा किल्ला आदल्याच वर्षी, 1739 च्या मे महिन्यात, ज्यांनी फिरंग्यांकडून घेतला ते. भावावर जीव टाकणारे, सज्जन, धर्मनिष्ठ. त्यांना वाटलं, भावाचं भलं करतोय. चौकात जे बोललं जात होतं त्याने घराण्याचं नाव जाईल, ही भीती. साताऱ्याला शाहू महाराजांचं मत वेगळं होतं. बाजीरावांचं मन दुखवू नका, असंच त्यांचं म्हणणं होतं. छत्रपतींना सोसवत होतं, ते शेजारच्यांना सोसवत नव्हतं.

बाजीराव परत पुण्याला आलेच नाहीत. नर्मदेच्या काठी रावेरखेडीला ताप भरला आणि 28 एप्रिल 1740 ला गेले. चाळिशीही पुरी नाही. त्याच साली मस्तानी गेली. तिची कबर पुणे जिल्ह्यात पाबळला आहे. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात चिमाजीअप्पाही गेले. एका वर्षात तीन माणसं. ज्यांनी चौकात बोलून सुरुवात केली, ते मात्र कोणाच्या तेराव्याला जेवून परत चौकात.

आता मला ज्यासाठी हे आख्यान सांगायचं ते येतं. पाठीमागे उरलं कोण? सहा वर्षांचा समशेर, आणि चासच्या जोशांची लेक काशीबाई. न्याय करायचा हक्क कोणाला असेल तर तो या एका बाईला होता. कोणी दोष दिला नसता तिला. त्या पोराला घराबाहेर काढायला एक शब्द पुरला असता. पण समशेर पेशव्यांच्याच घरात वाढला. घोड्यावर बसायला शिकला, तलवार शिकला, भावांबरोबर मोहिमांवर गेला. मुंज झाली नाही, जानवं मिळालं नाही, पण 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर तो उभा होता. जखमी होऊन सूरजमल जाटाच्या मुलखात आला आणि तिथे प्राण सोडला. वय सत्तावीस. ज्याला घराण्यात घ्यायचं की नाही यावर पुण्यात खल झाला, त्याने त्या घराण्यासाठी जीव दिला. त्याचा वंश बांद्याचे नवाब. 1857 च्या उठावात तेही इंग्रजांविरुद्ध उभे राहिले.

काशीबाईंनी काय सोसलं, रात्री काय वाटलं, ते कोणत्याही बखरीत सापडायचं नाही. सिनेमावाल्यांनी तिला नाचवली, चालायचंच. मला ती दिसते ती सहा वर्षांच्या पोराच्या ताटात भात वाढताना.

(नामगजर : जय जय राम कृष्ण हरि)

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट. तर शंभर वर्षांपूर्वी, 1925 च्या जानेवारीत, मुंबईत मलबार हिलवर एका बाईच्या मोटारीवर हल्ला झाला. मुमताज तिचं नाव, इंदूरच्या होळकर दरबारातून निघून आलेली नर्तकी. तिच्याबरोबरचा बावला नावाचा व्यापारी मारला गेला, तिच्या तोंडावर वार झाले. वाटेने जाणारे गोरे लष्करी अधिकारी मध्ये पडले म्हणून ती वाचली. पुढल्या वर्षी तुकोजीराव महाराजांना गादी सोडावी लागली. आणि 1928 साली त्यांनी अमेरिकेतल्या एका मुलीशी लग्न केलं. ती हिंदू झाली, शर्मिष्ठादेवी झाली. तेव्हाही चौक भरला होताच. तिकडे विलायतेत 1936 साली राजा एडवर्डने दोनदा घटस्फोट झालेल्या बाईसाठी सिंहासन सोडलं. 2023 साली त्याच घराण्यातल्या चार्ल्स राजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा शेजारी कॅमिला राणी म्हणून बसल्या. त्यांचंही पहिलं लग्न मोडलेलं, आणि एके काळी त्यांच्या नावाने विलायतेतली वर्तमानपत्रं काय काय छापायची! म्हणजे चौक सगळीकडचा सारखाच. फरक एवढाच की आपल्याकडे त्या चौकात कधीकधी टाळ-मृदंगही असतो.

आपल्या पंढरपूरला जाणाऱ्या मंडळींना एक विचारतो. देवळाच्या आवारात तरटीचं झाड बघितलंय ना? कान्होपात्रेचं. मंगळवेढ्याची, गणिकेची मुलगी. बेदरच्या बादशहाने तिला मागितली. लोकांच्या दृष्टीने असल्या घरातल्या मुलीला यापेक्षा मोठी जागा काय मिळणार? ती देवाच्या पायाशी गेली आणि तिथेच देह ठेवला. आईची जात, घराण्याचा धंदा, मागचं सगळं विठ्ठलाला ठाऊक होतं. त्याने विचारलं नाही. देवळाच्या आत जागा दिली. ज्यांना बाहेर उभं राहावं लागत होतं अशा कितीतरी जणांच्या काळात, आत!

आपल्या घरी राणी येत नाही, श्रोतेहो, सून येते. मागच्या वर्षी इकडेच एका घरी सत्यनारायणाला गेलो होतो. नवी सून, मुलगी गुणी, पण तिचं हे दुसरं लग्न. तिने प्रसादाचा शिरा केला होता. भजनी मंडळाच्या बायका बसलेल्या. ती ताट घेऊन आत गेली आणि एक आवाज आला, "पहिल्या घरी काय झालं होतं हो नेमकं?" सासू काय बोलते म्हणून मी बघत होतो. मनात म्हटलं, आता अयोध्या होणार. सासूबाई म्हणाल्या, "मला ठाऊक नाही. शिरा कसा झालाय?" बस्स. मी तिथल्या तिथे उठून त्या माउलीला नमस्कार केला. तिला कळलंच नाही का ते.

आता त्या इस्त्रीवाल्या बाबांचं सांगायचं राहिलं. पुढच्या रामनवमीला मी इथेच पुन्हा उभा राहिलो आणि भद्राचा प्रसंग वाल्मीकींनी लिहिला तसा सांगितला. हशा आला नाही. मागच्या रांगेतले दोघे-तिघे उठून चहाला गेले. नंतर एक कार्यकर्ता म्हणाला, बुवा, यंदा तो धोबी राहिला. म्हटलं, राहिला नाही, तो तिथे नव्हताच. बाबा खांबाला टेकून बसले होते. ते काही बोलले नाहीत. जाताना बुक्का लावून घेतला आणि माझं उपरणं खांद्यावर सरकलं होतं, ते नीट केलं.

तीन वर्षं झाली, बाबा गेले. दुकान आता त्यांचा नातू चालवतो, विजेची इस्त्री आली आहे. आज सकाळी धोतर त्याच्याकडेच दिलं होतं. आज त्याच्या हातची घडी अंगावर आहे. तो तिकडे मांडवाच्या कडेला उभा आहे. ये रे बाळ, पुढे ये, लाजू नको. आरतीचं तबक आज तू धर.

बोला पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!